विश्लेषण : अर्ध्या सेकंदाचा उशीर आणि लिनक्सवरचं ‘अपग्रेड’; हे बटण दाबताना आपण कुणावर विश्वास टाकतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबवली. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही असे धडधाकट कॉम्प्युटर कितीतरी घरांत आहेत. त्यामुळे ‘हा लॅपटॉप भंगारात द्यायचा, की त्यावर लिनक्स टाकायचं?’ हा प्रश्न आता फक्त तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. माझ्या कॉलेजपासूनच्या लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्स आहे, म्हणून ओळखीतले दोघं-तिघं हा प्रश्न घेऊन माझ्याकडेही आले.

लिनक्स टाकून झालं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हे सारखे कसले अपडेट येतात? दाबू का?’

उत्तर ‘दाबा’ असंच आहे. पण त्या बटणाच्या पलीकडे कोण बसलंय, हे समजून घ्यायचं तर मार्च २०२४ मध्ये काय घडलं ते बघावं लागेल. जगभरातल्या असंख्य सर्व्हरमध्ये मागच्या दारानं शिरायची तयारी तेव्हा जवळजवळ पूर्ण झाली होती, आणि तीसुद्धा याच अपडेटच्या रस्त्यानं.

आधी, पॅकेज म्हणजे काय?

विंडोजवर आपण एखाद्या वेबसाइटवरून सॉफ्टवेअर उतरवतो आणि इन्स्टॉल करतो. लिनक्सवर सहसा असं होत नाही. डेबियन, उबंटू, फेडोरा ही लिनक्सची वेगवेगळी वितरणं. प्रत्येकाचं स्वतःचं कोठार असतं, त्याला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. ब्राउझर असो, फॉन्ट असो की फाईल लहान करणारं छोटंसं साधन, सगळं त्या कोठारात बांधून ठेवलेलं असतं. असा एकेक बांधलेला गठ्ठा म्हणजे पॅकेज. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या कोठारात सुमारे ६९ हजार पॅकेजेस आहेत.

ही सॉफ्टवेअर डेबियनची माणसं लिहीत नाहीत. मूळ प्रकल्प जगात कुठेतरी, कुणीतरी चालवत असतं. डेबियनचा मेंटेनर, म्हणजे त्या पॅकेजची देखभाल अंगावर घेतलेला माणूस, तिथून कोड आणतो, आपल्या व्यवस्थेत बसवतो, डिजिटल सही करून कोठारात ठेवतो. हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात.

आपल्याकडे दोन पायऱ्यांत काम होतं. ‘अ‍ॅप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली की फक्त कोठारातली ताजी यादी येते. ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ दिली की नवे गठ्ठे प्रत्यक्ष उतरतात. पहिली आज्ञा देऊन ‘झालं अपडेट’ म्हणत उठणारे पुष्कळ असतात. (मीही सुरुवातीचे कित्येक दिवस तेच करत होते.) गठ्ठा वाटेत कुणी बदलला तर त्यावरची खूण जुळत नाही आणि तो नाकारला जातो. ही तपासणी भक्कम आहे. पण मूळ ठिकाणीच कुणी भेसळ केली असेल, तर ती हिला दिसत नाही.

२०२४ मध्ये नेमकं काय घडलं?

‘एक्सझेड युटिल्स’ हे फाईलचा आकार लहान करणारं साधन. नाव फारसं कुणाला माहीत नसतं, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतंच. फिनलंडमधले लासे कॉलिन हे काम वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं आणि बिनपगारी सांभाळत होते.

२०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी मदत करायला आलं. छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. कामात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. २०२२ मध्ये ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ अशा नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा सुरू झाला : काम फार हळू चाललंय, तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्या कुणाकडे द्या. कॉलिन यांनी उत्तरात कळवलं की दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आपल्याला फार वेळ देता येत नाही, आणि हे काम आपण आवड म्हणून, कुठलाही मोबदला न घेता करतो. तगादा लावणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या ‘जिया टॅन’च काढू लागला.

यातलं एकही नाव खरं असल्याचं आजवर समोर आलेलं नाही. ‘जिगर कुमार’ भारतीय वाटतो, ‘जिया टॅन’ पूर्व आशियातला वाटतो; खोटं नाव घेणाऱ्याला हवं तेच आपल्याला वाटत असतं. त्यावरून देश ठरवण्यात अर्थ नाही.

२४ फेब्रुवारी २०२४ ला आवृत्ती ५.६.० आली, ९ मार्चला ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता, आणि तो लपवण्याची तऱ्हा विलक्षण होती. अशा साधनाला तपासणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या नमुना फाईल लागतात. त्या वाचून कुणाला काही कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नसते. घातक भाग त्यांत दडवला होता. तो बाहेर काढून जोडणाऱ्या सूचना सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हत्याच. वितरणांसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात तेवढ्या घातल्या होत्या. ‘ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांसमोर असतो’ हे आपण ऐकतो. इथे समोर ठेवलेला कोड एक होता आणि बांधून दिलेला दुसरा.

खरं लक्ष्य होतं एसएसएच, म्हणजे दूरवरच्या सर्व्हरमध्ये लॉगइन करण्याची जगभर वापरली जाणारी व्यवस्था. गंमत अशी की एसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंधच नाही. डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी सोयीसाठी एसएसएचला ‘सिस्टमडी’ या दुसऱ्या भागाशी जोडलं होतं, आणि सिस्टमडी एक्सझेड वापरत होतं. वितरणांनी घातलेल्या याच टाक्यातून वाट काढली गेली. चोरदरवाज्याची किल्ली फक्त हल्लेखोराकडे होती. ती वापरली की तो पासवर्डशिवाय त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकला असता. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले.

पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आहेत. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीवर ते वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएच लॉगइनला पूर्वी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७ लागत होते. अर्ध्या सेकंदाचा फरक. तुमच्या-माझ्या तो लक्षातही आला नसता. आला असता तर आपण वायफायला नावं ठेवली असती. फ्रॉइंड कारण शोधत गेले आणि २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सगळा प्रकार जाहीर केला.

मग अपडेट न केलेलंच बरं?

या घटनेनंतर हा प्रश्न साहजिक होता. चोरदरवाजा पोहोचला तो सर्वांत आधी अपडेट घेणाऱ्यांकडे. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’ शाखा, फेडोराची येऊ घातलेली आवृत्ती, ओपनसूसेचं सतत ताजं राहणारं टंबलवीड. डेबियन १२ ची ‘स्टेबल’ शाखा वापरणाऱ्यांकडे एक्सझेडची जुनी आवृत्ती होती, ते सुटले.

त्यांचं सुटणं निव्वळ नशीब नव्हतं. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं. तिचं कायमचं टोपणनाव ‘सिड’, ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं. तिथे काही दिवस निभावलं, गंभीर तक्रार आली नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये जातं. साधारण दोन वर्षांनी ती अख्खी शाखा गोठवून, घासूनपुसून ‘स्टेबल’ म्हणून बाहेर पडते. वाट बघण्याचा हा काळ म्हणजे एका अर्थी नव्या सॉफ्टवेअरचं विलगीकरण. फ्रॉइंड सिडवर काम करत होते म्हणून रोग तिथेच सापडला.

पण यावरून ‘अपडेट बंद’ असा निष्कर्ष काढला तर तो महागात पडेल. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या वेबसाइटमागे ‘अपाचे स्ट्रट्स’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. कंपनीनं ती बसवली नाही. मे महिन्यापासून चोर आत होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. एक्सझेडसारखी प्रकरणं क्वचित घडतात. दुरुस्ती आलेली असूनही ती न बसवल्यानं होणारे हल्ले मात्र रोजचे आहेत.

आकडा जुना, पण दुरुस्ती नवी

‘स्टेबल’मध्ये जुनं सॉफ्टवेअर असतं, मग त्यातल्या त्रुटीही जुन्याच राहत असतील, हा गैरसमज फार पसरलेला आहे. आवृत्तीचा आकडा बघून घाबरणारे लोक मी पाहिलेत. इथे मेंटेनर एक किचकट काम करतात, त्याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात : नवा सदरा न शिवता, फाटलं तेवढंच रफू करायचं. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही ओपनएसएसएलमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा मूळ प्रकल्पानं १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती काढली. डेबियननं मात्र आपली १.०.१ई हीच ठेवली, तेवढी दुरुस्ती आत बसवली आणि आकड्याच्या शेपटीला आपली खूण जोडली. वरवर बघणाऱ्याला वाटावं की हे धोक्यातच आहेत.

एक्सझेडच्या वेळी तर आकड्यांची वेगळीच पंचाईत झाली. पॅकेज व्यवस्थेला मोठ्या आकड्याकडे जाता येतं, आपोआप मागे येता येत नाही. ५.६.१ वरून लोकांना सुरक्षित ५.४.५ वर आणायचं कसं? डेबियननं नव्या पॅकेजला नाव दिलं ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणायला ५.६.१, पण खरंतर ५.४.५!

रफू करणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते, हेही सांगायला हवं. २००६ मध्ये डेबियनच्या मेंटेनरनं ओपनएसएसएलमधल्या काही ओळी काढून टाकल्या आणि त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या अंदाजानं ओळखता येण्याइतक्या कमकुवत झाल्या. हे लक्षात आलं मे २००८ मध्ये. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, तरी दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

कोठाराबाहेरचा माल

घरगुती वापर करणाऱ्याला एक्सझेडपेक्षा जवळचा धोका वेगळा आहे. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या ‘एयूआर’ या विभागात फायरफॉक्ससारख्या ब्राउझरची ‘सुधारित’ आवृत्ती असल्याचं भासवणारी तीन पॅकेजेस सापडली. त्यांतून कॉम्प्युटरचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारं सॉफ्टवेअर शिरत होतं. दोन दिवसांत ती काढली गेली. पण एयूआर हे अधिकृत कोठार नाहीच; तिथे कुणीही पॅकेज ठेवू शकतं, बघून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. उबंटूवर ‘ही एक ओळ टर्मिनलमध्ये टाका’ असं सांगणाऱ्या व्हिडिओमागून आपण जे पीपीए जोडतो, त्यांचंही थोडंफार असंच आहे. एकदा जोडलं की पुढचं प्रत्येक अपग्रेड त्या अनोळखी माणसाकडूनही येतं.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते : स्टेबल किंवा एलटीएस आवृत्ती घ्या, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसू द्या, बाहेरची कोठारं शक्यतो जोडू नका आणि मुदत बघा. उबंटू २०.०४ ची नियमित मुदत मे २०२५ मध्येच संपली. त्यावर रोज ‘अपग्रेड’ दाबून ‘काहीच नवं नाही’ असं उत्तर येत असेल, तर ते समाधान मानायचं कारण नाही.

या कामाचे पैसे कोण देणार?

मूळ दुखणं इथे आहे. कंपन्या आणि सरकारं ज्या पायावर उभी आहेत, तो सांभाळणारा माणूस अनेकदा नोकरी करून उरलेल्या वेळात ते काम करतो. आपणही या साखळीबाहेर नाही : पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ हे भारतीय लिनक्स डेबियनवरच आधारलेलं आहे.

युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट’ १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आवडीखातर ओपन सोर्स लिहिणाऱ्याला त्यातून वगळलंय. जबाबदारी आहे ती असं सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात घालून विकणाऱ्या कंपनीवर. वापरलेल्या घटकात त्रुटी सापडली तर ती तिनं मेंटेनरला कळवायची, आणि स्वतः दुरुस्ती केली असेल तर तीही द्यायची. मला हे योग्य दिशेचं वाटतं, पण अपुरं. त्रुटींच्या तक्रारी वाढतील. त्या वाचायला लागणारा वेळ आणि पगार कुठून येणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

एक्सझेड पुन्हा लासे कॉलिन यांच्याकडे आहे. मे २०२४ मध्ये त्यांनी चोरदरवाजा काढून ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. डेबियन १३ मध्ये त्यांचं ५.८.१ येतं. माझ्या लॅपटॉपवर सध्या तेच आहे.