अपात्र म्हणजे कोण?

काही शब्द वर्तमानपत्राबरोबर घरात शिरतात आणि चहाच्या कपाशेजारी ठाण मांडून बसतात. ‘अपात्र’ हा त्यांतलाच एक. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि कोण आमदार अपात्र ठरणार, यावर घरोघर वाद रंगले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभेचे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निकाल दिला, तो असा की दोन्ही बाजूंचे कोणीच अपात्र नाही. आमदार सुटले, शब्द मात्र आपल्याकडे मुक्कामाला राहिला. आता तो मुलांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत पोचला आहे, तेव्हा त्याची थोडी विचारपूस केलेली बरी.

इंग्रजीत ‘अनक्वालिफाइड’ आणि ‘डिसक्वालिफाइड’ असे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याच्या अंगी हवी ती पात्रता अजून आलेलीच नसते; दुसऱ्याला काही कारणाने दाराबाहेर काढलेले असते. आपण दोघांनाही ‘अपात्र’ म्हणून मोकळे होतो. त्यामुळे ‘अजून आला नाही’ आणि ‘हाकलून दिला’ यांतला फरकच पुसला जातो.

कायदा हा शब्द मोजूनमापून वापरतो. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब विनाकारण न देणाऱ्या उमेदवाराला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवतो. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरे अपत्य झाले, त्याला ग्रामपंचायतीचा सदस्य होता येत नाही. पण म्हणून तो शेतकरी वाईट किंवा बाप वाईट, असे कायदा म्हणत नाही. कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या कारणाने, हे सांगितल्याशिवाय न्यायालयातही कोणाला अपात्र म्हणता येत नाही. घरात मात्र आपल्याला ना जागा लागते, ना कारण. गणितात नापास झालेला मुलगा संध्याकाळपर्यंत ‘नालायक’ ठरतो, आणि तोही सर्व विषयांत, जन्मभरासाठी!

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ. ‘पात्र’ हा शब्द संस्कृतातील ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून आला. पात्र म्हणजे आधी भांडे. भांड्यात वस्तू राहते, म्हणून ज्याच्या ठायी दिलेले राहील तो माणूसही पात्र. सत्पात्री दान म्हणतात ते यामुळेच. नदीलाही पात्र असते. या अर्थाने पाहिले, तर अपात्र म्हणजे फार तर गळके भांडे. आणि गळके भांडे आपली आजी कधी फेकून देत नसे. ती कल्हईवाल्याची किंवा तांबटाची वाट पाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. मुलूख कमी पावसाचा. गावात सरकारी खर्चाने बांधलेला पाझर तलाव होता. पाझर तलावाचे काम पाणी जमिनीत मुरवण्याचे. पण याचे पाणी बांधातूनच निसटून जाई. अगदी शब्दशः अपात्र! लष्करातून निवृत्त होऊन १९७५ च्या सुमारास गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी लोकांना श्रमदानाला उभे केले, गळती बुजवली, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी दिसू लागले. तलाव तोच, पाऊसही तेवढाच.

पुढे याच गावाने माणसांच्या बाबतीतही तेच केले. येथील शाळेने आणि वसतिगृहाने बाहेरगावच्या नापास झालेल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य देण्याची रीत पाडली. इतरत्र जी अपात्रता, तीच येथे पात्रता! त्यासाठी दिनक्रम मात्र कडक. पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास. गळती बुजवायची तर कुदळ कोणीतरी हातात घ्यावीच लागते.

दिवाळीच्या सुट्टीत सहामाही परीक्षेचे गुण घरोघर चर्चेला येतील. फराळाच्या ताटावर मुलाला बोलायचे झालेच, तर वाचकहो, कायद्याइतकी तरी काटेकोर भाषा वापरा. विषय सांगा, कारण सांगा. मग बांध कोठे फुटला आहे तो त्याच्या शेजारी बसून शोधा. अपात्र हा शब्द पाटी पुसण्यासाठी नव्हे, दुरुस्तीची जागा दाखवण्यासाठी आहे.