बंदुकीची किंमत कोण ठरवतो?

बंगळूरच्या बनशंकरी भागात बँकेच्या दाराशी उभा असलेला बंदूकधारी रखवालदार हे रोजचेच दृश्य आहे. त्याच्या खांद्यावरची बारा बोअरची दुनळी बँकेची असेल, अशी आपली सहज समजूत होते. परंतु आपल्या देशात अशा पुष्कळ रखवालदारांची बंदूक त्यांची स्वतःची असते. सैन्यातून निवृत्त झालेला वा गावाकडून आलेला हा माणूस परवाना आणि बंदूक घेऊन येतो, म्हणूनच कंत्राटदार त्याला कामावर ठेवतो. श्रमशक्ती विकण्यासाठी आधी हत्यार विकत घ्यावे लागावे, असा हा व्यवहार आहे. तेव्हा बंदुकीच्या किमतीचा प्रश्न केवळ हौशी धनिकांचा नव्हे.

ही किंमत ठरते कशी? 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. देशातली जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली आणि उत्पादनखर्चाशी कसलाही संबंध न उरलेल्या भावाने विकली गेली. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये! रात्रपाळी संपवून एकटीने परतणाऱ्या कामगार स्त्रीला रस्त्यावर दिवा आणि वेळेवर बस हवी असते. तिच्या भीतीच्या नावाने ज्यांच्यासाठी वस्तू बनली, ते ग्राहक निराळेच होते.

मग न विकलेला माल साठला की किंमत उतरते आणि ग्राहकाचे भले होते, असे बाजाराचे भाट सांगतात. 2019 च्या शस्त्र कायद्यातील दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तिसरे शस्त्र वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे भाग पडले. विकणाऱ्याला मुदत आहे, घेणारे मोजके आहेत, आणि साठा सांभाळणाऱ्या दुकानदाराला घाई नाही. अशा स्थितीत पडत्या भावाचा लाभ थांबू शकणाऱ्यालाच मिळतो. सुगीत तूर विकावी लागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे गणित नव्याने शिकवावयास नको. रखवालदार मात्र थांबू शकत नाही. उद्याची नोकरी आजच्या बंदुकीवर अवलंबून असते.

अमेरिकेत हेच अधिक उघडपणे दिसते. निर्बंध येणार अशी भीती पसरली की तेथे दुकाने रिकामी होतात. भीती ओसरली की माल पडून राहतो आणि सवलतींची लूट सुरू होते. 1816 साली स्थापन झालेल्या रेमिंग्टन कंपनीने 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि 2020 मध्ये पुन्हा. भांडवलाला शांतता परवडत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आपल्याकडेही त्याच वाटेची तयारी चालली आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी 41 आयुध निर्माण्या मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांपैकी दोहोंची मुख्यालये पुणे व नागपूर येथे आहेत. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबरनाथ येथील कामगारांनी विरोध करू नये म्हणून त्याच वर्षी कायद्याने संपावर बंदी घालण्यात आली. सरकारी कारखान्याच्या चढ्या किमतीवर टीका जरूर व्हावी. पण त्यावरचा उपाय म्हणून खाजगी भांडवल आणणे म्हणजे खपासाठी भीती वाढवण्याची गरज असलेल्या मालकाच्या हाती कारखाना देणे होय.

रखवालदारापुरती मागणी सरळ आहे. कामाचे हत्यार मालकाने पुरवावे. गिरणीकामगार माग घरून आणत नसे. मग ज्या बँकेची तिजोरी राखावयाची, तिने परवाना आपल्या नावे घ्यावा, बंदूक स्वतःच्या पैशाने आणावी आणि रखवालदाराला कायम कामगाराचे वेतन द्यावे. कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या सनदेत घेतली पाहिजे.