गोल्फचे चेंडू आणि व्यवहारी माणसं

सूर्य आणि वाऱ्यावर देश चालवा म्हटलं की तेलवाले आणि त्यांचे भाट एकच शब्द तोंडावर फेकतात: अव्यवहार्य! बरं. मग यांचा स्वतःचा व्यवहार तपासूच.

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर बीपी या तेल कंपनीचे बडे अधिकारी आले होते. कशाला? तिथे सात वर्षांत एकही मोठा अपघात झाला नाही, म्हणून पाठ थोपटायला. त्याच रात्री रिग पेटली. ११ कामगार मेले. दीड किलोमीटर खोल पाण्यात, विहिरीच्या तोंडावर बसवलेली अजस्र झडप विहीर बंद करू शकली नाही. विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. न्यायालयाने धरलेला आकडा घेतला तरी समुद्रात सुमारे ३२ लाख पिंपं गेली.

तेलगळतीला तोंड द्यायचा आराखडा नव्हता का? होता की! सरकारमान्य होता. धोका असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्यात वॉलरस होता. वॉलरस! उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणारा हा प्राणी आखाताच्या कोमट पाण्यात काय करणार? संकटात ज्या तज्ज्ञांना विचारायचं, त्यांतले एक आराखड्याच्या चार वर्षं आधीच वारले होते. आणखी तीन तेल कंपन्यांच्या आराखड्यांतही वॉलरस सापडला. म्हणजे कॉपी करतानासुद्धा कुणी वाचलं नाही, आणि मंजुरी देणाऱ्यानेही नाही.

पुढचा पराक्रम ऐका. विहीर बुजवायला बीपीच्या अभियंत्यांनी तिच्या तोंडावरच्या झडपेत काय कोंबलं? टायरचे तुकडे आणि गोल्फचे चेंडू. तेही फसलं. शिवाय सुमारे ७० लाख लिटर रसायन ओतलं. त्याने तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात पसरतं. दिसेनासं होतं, नाहीसं होत नाही. पेलिकन तेलात माखून मेले, खोलवरचे प्रवाळ मेले, बाराटारिया खाडीतल्या डॉल्फिनांना फुप्फुसांचे आजार जडले. आणि रिगची मालक ट्रान्सओशन? तिने २०१० हे आपलं सुरक्षेतलं सर्वोत्तम वर्ष ठरवून अधिकाऱ्यांना बोनस वाटला. ११ मृत्यूंच्या वर्षात! याला निर्लज्जपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

याच बीपीने २००० साली सूर्यफुलासारखं बोधचिन्ह मिरवत ‘बियाँड पेट्रोलियम’ अशी घोषणा केली होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. २०२० मध्ये २०३० पर्यंत उत्पादन ४० टक्के घटवण्याचं वचन दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अक्षय ऊर्जेचा पैसा कापून तेल-वायूकडे वळवला. त्याच्या महिनाभर आधी आपल्या सरकारी ओएनजीसीने मुंबईजवळच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्राचं उत्पादन वाढवायला तांत्रिक सल्लागार कुणाला नेमलं? बीपीला.

तेव्हा हे दूरच्या आखातातलं दुखणं नाही. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर सगळ्यांना आठवतो. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायवर जहाज आदळून तेल काढायचा फलाट जळून गेला आणि २२ माणसं गेली, हे किती जणांना आठवतं?

आता ‘अव्यवहार्य’ गोष्टीचा हिशेब. २०१० च्या अखेरीस, म्हणजे आखातात तेल सांडलं त्याच वर्षी, भारतात सौर विजेची सर्वांत कमी बोली युनिटला ११ रुपयांच्या घरात होती. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत ती १ रुपया ९९ पैशांवर आली. दहा वर्षांत! समुद्रातली कोणती विहीर दहा वर्षांत एवढी स्वस्त झाली?

‘गाड्या उन्हावर धावतात का?’ असा एक खोचक प्रश्न येतो. धावतात, विजेवर. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विद्युतीकृत झाला. ती वीज आज मुख्यतः कोळशातून येते, म्हणूनच तर ऊन आणि वारा हवा. ‘रात्री काय?’ बॅटऱ्या, धरणांत पाणी उपसून साठवलेली वीज आणि रात्री वाहणारा वारा. ही कामं अवघड आहेत, खर्चिक आहेत, पण पवनचक्की मोडली तर पाती पडतात. किनारे काळे होत नाहीत, मच्छीमारांच्या जाळ्यात डांबर येत नाही.

आपण खनिज तेलाच्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक आयात करतो. समुद्राला आणखी भोकं पाडून ही भूक भागणार नाही. ती कमीच करावी लागेल. तेव्हा नव्या विहिरींचा पैसा साठवणुकीत, वीजवाहिन्यांत आणि समुद्रावरच्या पवनचक्क्यांत घाला. आणि समुद्रतळाच्या भोकात गोल्फचे चेंडू कोंबणाऱ्यांकडून व्यवहाराचे धडे घेणं आजपासून बंद करा.