टॅब विकला, ताबा राखला

ऑक्टोबर 2022 मध्ये ॲपलने दहाव्या पिढीचा आयपॅड बाजारात आणला. चार्जिंगचे जुने लाइटनिंग तोंड जाऊन त्याला यूएसबी-सी आले, पण त्यावर चालणारी पेन्सिल मात्र 2015 सालचीच राहिली आणि तिची पिन लाइटनिंगची. नव्या टॅबला ती जोडायची तर मध्ये एक छोटा अडॅप्टर आणि त्याला लावायला वेगळी केबल, एवढा सरंजाम लागू लागला. वर्षभराने यूएसबी-सीवाली स्वस्त पेन्सिल आली, पण हाताचा दाब ओळखून रेघ जाड-बारीक करण्याची जी सोय पहिल्या पेन्सिलीत होती, ती हिच्यातून काढून टाकलेली होती. मे 2024 मध्ये नवे आयपॅड प्रो आणि एअर आले, त्यांच्यासोबत पेन्सिल प्रो आली, आणि 2018 ची दुसऱ्या पिढीची पेन्सिल या नव्या टॅबवर चालेनाशी झाली. एकाच कंपनीच्या चार पेन्सिली आणि कोणती कशावर चालते हे सांगणारा तक्ता! ही झाली जोडणीच्या तोंडाशी होणारी अडवणूक. टॅब घेणाऱ्याची दुसरी अडवणूक नेटच्या रिचार्जशी होते. सिममधला डेटा कोणत्या उपकरणावर, कोणत्या अटीवर वापरायचा हे मोबाइल कंपनी ठरवू पाहते. या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या मानतो. पहिली दुकानदाराकडे नेतो, दुसरी कस्टमर केअरकडे. माझे म्हणणे असे आहे की तक्रार एकच आहे. पैसे घेऊन वस्तू दिल्यानंतरही ती कशाला जोडायची याचा निर्णय विकणारा स्वतःच्या हातात ठेवतो, आणि त्या निर्णयाला तांत्रिक गरजेचे नाव देतो. ती गरज खरी आहे की नाही हे तपासण्याची आणि सिद्ध करण्याची जबाबदारी आज कोणावरच नाही. ती विकणाऱ्यावर टाकली पाहिजे.

ॲपलवर अन्याय नको, म्हणून तांत्रिक बाजू आधी पाहू. दुसऱ्या पिढीची पेन्सिल टॅबच्या लांब कडेला चुंबकाने चिकटते आणि तिथेच चार्ज होते. नव्या प्रो आणि एअरमध्ये पुढचा कॅमेरा त्याच लांब कडेवर आला, त्यामुळे चुंबक आणि चार्जिंगची मांडणी बदलावी लागली. हे कारण समजण्यासारखे आहे. टॅब आडवा धरून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांची सोय त्यात झाली, आणि त्यासाठी जुनी जोडणी सोडावी लागली असेल तर तक्रारीला फारसा अर्थ नाही. पण 2022 च्या आयपॅडचे तसे नाही. त्याला यूएसबी-सी देताना त्याच तोंडाची पेन्सिल तयार ठेवणे शक्य होते. वर्षभराने ती आलीच. आणि ती आल्यावर दाबाची सोय का गेली, याला जोडणीशी संबंध असलेले कोणतेच कारण दिसत नाही. महागडी पेन्सिल महाग दिसावी म्हणून स्वस्त पेन्सिलीतून गुण वगळणे हा धंद्याचा निर्णय आहे. तो घेण्याचा हक्क कंपनीला आहे, पण त्याला ‘सुसंगततेचा प्रश्न’ म्हणायचे कारण नाही.

यूएसबी-सीचे तोंड सगळीकडे आले की हा गोंधळ संपेल, अशी अनेकांची समजूत आहे. तोंडाचा आकार एक झाला, आतली कुवत एक झाली नाही. त्याच दहाव्या पिढीच्या आयपॅडचे यूएसबी-सी तोंड सेकंदाला 480 मेगाबिट एवढ्याच वेगाने माहिती नेते, म्हणजे 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 च्या वेगाने. आयपॅड प्रोच्या दिसायला तशाच तोंडातून थंडरबोल्टचा 40 गिगाबिटचा वेग मिळतो. अँड्रॉइड टॅबमध्येही काहींच्या तोंडातून मोठ्या पडद्यावर चित्र जाते, काहींच्या जात नाही. हेडफोनचा साधा अडॅप्टर एका टॅबवर वाजतो आणि दुसऱ्यावर मुका राहतो, कारण काही अडॅप्टरमध्ये आवाज तयार करणारी चिप असते आणि काही अडॅप्टर ते काम टॅबवर सोडतात. चार्जरचेही तसेच. काही कंपन्यांचा जाहिरातीतला वेग त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच केबलवर मिळतो. दुसरा चांगला चार्जर लावला तर टॅब चार्ज होतो, पण रखडत. खोक्यावर मात्र सगळीकडे एकच शब्द छापलेला असतो, यूएसबी-सी. चार हजारांचा हब किंवा कीबोर्ड घरी नेऊन लावून पाहिल्याशिवाय तो चालेल की नाही हे ग्राहकाला कळत नाही, आणि सील फुटलेला माल दुकानदार परत घेत नाही.

आता नेटकडे वळू. एप्रिल 2010 मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा अमेरिकेत एटी अँड टी कंपनी त्यासाठी महिना 29.99 डॉलरला अमर्याद डेटा देत होती. दोन महिन्यांत, जूनमध्ये, ती योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली आणि 25 डॉलरला 2 जीबी असा हिशेब सुरू झाला. त्याच महिन्यात कंपनीने स्मार्टफोनसाठीही 25 डॉलरला 2 जीबीची योजना आणली, आणि फोनचे नेट दुसऱ्या उपकरणाला द्यायचे असेल तर आणखी 20 डॉलर लावले. या 20 डॉलरमध्ये एक बाइटही जास्तीचा मिळत नव्हता. ग्राहकाने जे 2 जीबी आधीच विकत घेतले होते, त्यातलाच भाग फोनऐवजी लॅपटॉपवर वापरण्याची ती परवानगी होती. कंपनीचा खर्च वाढत नसताना दर वाढतो, तेव्हा तो दर कशाचा, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे क्वचितच समोर येतो. पुढच्या वर्षी त्या पैशांत आणखी डेटा जोडून कंपनीने आपली बाजू सावरली.

फोनमधले नेट टॅबने वापरले हे कंपनीला कळते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक टप्पा तो एकाने कमी करतो. फोनमधून निघणाऱ्या पॅकेटवर तो सहसा 64 असतो. टॅबचे पॅकेट फोनमधून पुढे जाते तेव्हा तोच टप्पा ओलांडून 63 होतो. एवढ्यावरून ओळखता येते. काही फोनमध्ये हॉटस्पॉटच्या डेटासाठी वेगळा मार्गच आखलेला असतो, आणि तो चालू करायचा की नाही हे कंपनीने पाठवलेल्या सेटिंगवर अवलंबून असते. म्हणजे आपण पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या फोनमध्ये एक कुलूप असते आणि त्याची किल्ली सिम देणाऱ्याकडे.

अमेरिकेत हे कुलूप एकदा तुटले. 2008 च्या लिलावात व्हेरायझन या मोबाइल कंपनीने 700 मेगाहर्ट्झचा एक पट्टा घेतला, त्याला अट होती की त्या लहरींवर ग्राहक त्याच्या पसंतीचे उपकरण आणि ॲप वापरू शकेल. तरीही कंपनीने गुगलच्या ॲप बाजारातून हॉटस्पॉटची अकरा ॲप आपल्या ग्राहकांना दिसू नयेत अशी व्यवस्था करून घेतली. नियामक एफसीसीने चौकशी केली आणि जुलै 2012 मध्ये 12.5 लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवले. मोजून डेटा घेणाऱ्यांना हॉटस्पॉट विनाशुल्क मिळाला. पुढच्या वर्षी नेक्सस 7 टॅबचे प्रकरण झाले. गुगलने व्हेरायझनवर चालेल म्हणून विकलेला हा टॅब कंपनी नव्या सिमवर सुरू करून देईना. तपासणी चालू आहे, एवढेच उत्तर. आधीपासून चालू असलेले सिम घातले की तोच टॅब बिनतक्रार चालत होता. मंजुरी फेब्रुवारी 2014 मध्ये आली. चालणारे उपकरण ‘तपासलेले नाही’ म्हणून अडवणे यालाच मी तांत्रिक गरजेचे नाव देणे म्हणतो.

हा वाद नवा नाही. टेलिफोन एटी अँड टीच्याच मालकीचे होते त्या काळात टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी तेलविहिरींवर काम करणाऱ्यांसाठी एक यंत्र बनवले, ज्यावर टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला की दूरचा वायरलेस त्याला जोडला जाई. कंपनीचे म्हणणे, परके उपकरण जोडल्याने जाळ्याला धोका होईल. 1968 मध्ये एफसीसीने निकाल दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडता येईल, आणि अपाय होतो हे कंपनीने दाखवावे. मग सरकारने उपकरणांसाठी मानके आणि नोंदणीची पद्धत घालून दिली, आणि आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम यांचा खुला बाजार उभा राहिला. मोडेमशिवाय इंटरनेट घराघरांत पोचले नसते. माझ्या दृष्टीने या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सिद्ध करण्याचा भार कोणावर, हे त्यात ठरले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप लहरींच्या मर्यादेचा आहे. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते; टॅबवर मोठा पडदा, मोठा व्हिडिओ, जास्त वापर; एकाने ओढले की शेजाऱ्याचे नेट मंदावते. हे खरेच आहे. पण यातून निघतो तो वापर मोजण्याचा युक्तिवाद, उपकरण मोजण्याचा नाही. महावितरण घरगुती आणि व्यापारी वापराला वेगळा दर लावते, पण युनिट मिक्सरवर जळले की फ्रिजवर हे विचारत नाही. 2 जीबी संपले की संपले. ते कोणत्या पडद्यावर संपले याने टॉवरला फरक पडत नाही. अमर्याद योजनेत कंपनीची अडचण वेगळी आहे हे मला मान्य आहे, आणि व्हेरायझनच्या तडजोडीतही तसा फरक केलेला होता. तिथे उपाय असा की जी मर्यादा पाळायची आहे ती आकड्यात, योजनेच्या नावाशेजारी छापावी. दुसरा आक्षेप करारस्वातंत्र्याचा: अटी मान्य करूनच ग्राहकाने सिम घेतले. खासगी कंपन्या तीनच उरलेल्या बाजारात आणि बारीक अक्षरांतल्या अटींत ही मान्यता कितपत खरी, हे रिचार्ज करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

भारतात हॉटस्पॉटवर आज सरसकट वेगळे शुल्क नाही, आणि म्हणूनच हा विषय आत्ता बोलायचा आहे. मार्च 2025 मध्ये आलेल्या साध्या आयपॅडची भारतातली किंमत वायफायपुरती 34,900 रुपये होती, आणि सिम घालता येणाऱ्याची 49,900. पंधरा हजारांचा हा फरक पाहून बहुतेक घरांत वायफायवाला टॅब येतो आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. जुलै 2024 च्या दरवाढीत जिओने अमर्याद 5जी दिवसाला 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या योजनांपुरते ठेवले. ते 5जी फोनला मिळते, 4जी टॅबला थेट मिळत नाही. हॉटस्पॉटने मात्र मिळते. म्हणजे इथला हॉटस्पॉट आता पैशांत मोजण्याजोगा झाला आहे, आणि ज्याला किंमत येते त्यावर कधी ना कधी दर लागतो. सिमवाल्या टॅबची अडचण वेगळी. त्याला फोन करायचा नसतो, फक्त नेट हवे असते. पण बहुतेक डेटा पॅक चालण्यासाठी आधी कॉलिंगसह मूळ योजना चालू असावी लागते. डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी. निर्णय चांगला होता. ज्यांना फक्त नेट हवे त्यांचा विचार त्याच न्यायाने व्हायला हवा. उदाहरणार्थ, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने राज्यातल्या इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या विद्यार्थ्यांना नीट, जेईई आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा 6 जीबी डेटा देण्याची योजना राबवली आहे. गावातल्या मुलीचा अख्खा अभ्यास ज्या टॅबवर आहे, तिचे प्रशिक्षण संपून तो डेटा थांबला की पुढचे रिचार्ज तिच्या घरावर येते. न लागणाऱ्या कॉलिंगचे पैसे त्या घराने का भरायचे?

जोडणीच्या बाजूने येणारा आक्षेप सुरक्षिततेचा असतो: परका चार्जर, परकी केबल, आग लागली तर जबाबदार कोण? काळजी रास्त आहे. पण तिची व्यवस्था आपल्याकडे आहेच. सरकारी आदेशानुसार अडॅप्टरसारख्या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सुरक्षिततेचे माप सरकारी मानकाने घालावे, स्पर्धकाचा माल अडवण्यात ज्याचा फायदा आहे त्याने घालू नये. सक्तीने संशोधन खुंटते हा ॲपलने युरोपात मांडलेला मुद्दाही टिकलेला नाही. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून फोन आणि टॅबना यूएसबी-सी सक्तीचे केले, तरी त्याच तोंडातून 240 वॅटपर्यंत वीज नेण्याची आणि थंडरबोल्टच्या वेगाची वाट मोकळी राहिली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये उद्योगाशी चर्चा केली, ब्युरोने यूएसबी-सीचे मानक प्रसिद्धही केले. पण मानक छापणे आणि ते बंधनकारक करणे यांत अंतर आहे, आणि निव्वळ तोंडाची सक्ती अपुरीच पडेल. त्या तोंडातून किती वेग, किती वॅट, चित्र जाते की नाही आणि कोणते पेन चालते, हे खोक्यावर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे हवे.

नेटच्या बाबतीत तर नवा कायदा करायचीही गरज नाही. 2016 मध्ये फ्री बेसिक्स या मोजक्या संकेतस्थळांपुरत्या फुकट नेटच्या योजनेवरील वादात ट्रायने मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास बंदी केली, ते सर्वांच्या लक्षात आहे. नोव्हेंबर 2017 च्या ट्रायच्या शिफारशींत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही: पाठवणारा, घेणारा आणि तांत्रिक पद्धत यांच्याबरोबरच वापरकर्त्याच्या उपकरणावरूनही भेदभाव करता येणार नाही. जुलै 2018 मध्ये दूरसंचार विभागाने ही चौकट मान्य केली. आता दूरसंचार कायदा 2023 खाली जुन्या परवान्यांची जागा नवी अधिकारपत्रे घेत आहेत. उपकरणाचा तो उल्लेख नव्या अधिकारपत्रांच्या नियमांत जसाच्या तसा उतरला पाहिजे, आणि हॉटस्पॉटवर किंवा टॅबवर वेगळा दर लावू पाहणाऱ्या कंपनीने आधी ट्रायपुढे जाळ्यावरचा जास्तीचा भार आकड्यांनी दाखवावा, अशी तरतूद त्यालाच जोडून झाली पाहिजे. ग्राहक संघटनांनी आत्ताच ट्राय आणि दूरसंचार विभागाकडे ही मागणी लेखी नोंदवावी.