अंबाजोगाईत शिकणाऱ्या पोरांचं जेवण 38 रुपयांत बसवायचं कसं?

अंबाजोगाई : सकाळी एसटी स्टँडवर केज, धारूर, परळीकडच्या गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा पोरांच्या पाठीवर दप्तर असतं आणि पोटात बहुतेक फक्त चहा. योगेश्वरी, खोलेश्वर ही महाविद्यालयं, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आणि गल्लोगल्लीचे क्लास यामुळे या गावाचा बराच धंदा विद्यार्थ्यांवर चालतो. त्यातला मोठा वाटा खाण्याचा. पोह्याचे गाडे, सुशीला-भजी देणारी नाष्ट्याची हॉटेलं आणि घरगुती खानावळी.

या धंद्याची एक गोम आहे. इथं भाव वाढवता येत नाही. प्लेटमागं पाच रुपये वाढले की पोरगं पुढच्या गाड्यावर जातं. मग भाव तोच राहतो आणि प्लेट हलकी होते. पोह्याचा ढीग बसका होतो, वरण पातळ होतं, 'पोटभर' म्हणणारी खानावळ चपात्या मोजायला लागते. मावशींनी हात आखडला म्हणून पोरं कुरकुरतात, पण मावशींचा हिशोबही बघायला पाहिजे. हॉटेलचा 19 किलोचा सिलिंडर विनासबसिडी, त्याचा भाव महिन्याच्या महिन्याला बदलतो.

तेलाचं तर विचारू नका. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं. सोयाबीनला भाव मिळेल असं सांगितलं गेलं. तेल महागलं, पण त्याच हंगामात 4,892 रुपये हमीभावाचं सोयाबीन मोंढ्यात चार हजारांच्या आसपास गेलं. म्हणजे बापाला शेतात मार आणि पोराला ताटात. मे 2025 मध्ये शुल्क पुन्हा कमी केलं, 16.5 टक्क्यांवर.

आता सरकारी मदतीकडं या. वसतिगृहात नंबर न लागलेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्याला वर्षाला 38 हजार, त्यात जेवणाचे 23 हजार. कॉलेजचे दहा महिने धरले तर महिन्याला 2,300. दिवसाला दोन जेवणं म्हटलं तर एका जेवणाला 38 रुपये. नाष्टा यात धरलेलाच नाही. एवढ्यात दोन वेळचं पोटभर ताट देणारी खानावळ शोधून दाखवावी! शिवाय पैसे हप्त्यानं खात्यात येतात, खानावळीचा महिना मात्र आधी भरावा लागतो. आणि योजना सुरू झाली ती जिल्ह्याला फक्त 600 विद्यार्थी धरून. बीडसारख्या जिल्ह्याला 600 म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

दुसरा आधार शिवभोजनचा. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली ही थाळी 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात देते. थाळीची किंमत शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरलेली, वरचे पैसे सरकार देतं. पण ही थाळी दुपारचीच. रात्रीचं काय? त्यात 2025 मध्ये बिलं महिनोन्महिने थकल्याची ओरड केंद्रचालकांनी राज्यभर केली. चालक किराणा उधारीवर किती दिवस आणणार?

बीडच्या पोरांचा खरा आधार गावाकडचा डबा. सकाळच्या एसटीत आई भाकरी-भाजी ठेवून देते, पोरगं स्टँडवर उतरवून घेतं. पण ज्या घरचे ऊसतोडीला जातात तिथं दिवाळीनंतर चूलच बंद होते, ती पाडव्याच्या आसपास पुन्हा पेटते. हंगामी वसतिगृहं शाळकरी लेकरांसाठी, कॉलेजातल्या पोरांसाठी नाहीत. नेमक्या परीक्षेच्या चार-पाच महिन्यांत हे पोरगं सगळं बाहेरचं खातं, म्हणजे खरं तर एका वेळचं खातं.

पोरींचं आणखी अवघड. गाड्यावर उभं राहून खाणं त्यांना जमत नाही, स्टँडजवळच्या हॉटेलात रात्री जाणं घरच्यांना चालत नाही. त्या दोघी-तिघी मिळून खोलीवर एक डबा लावतात आणि वाटून खातात.

आधार योजनेत गावानुसार रक्कम ठरते. मुंबई-पुण्यात 60 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43, तालुक्याला 38. खोलीचं भाडं इथं स्वस्त असेल. पण गॅस, तेल, तूरडाळ अंबाजोगाईत काही पुण्यापेक्षा स्वस्त मिळत नाही.