फुकटाचा चाकर

गणेशोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी मला एका गृहस्थांचे पत्र आले. ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे आमच्या मिठाईच्या दुकानाचे संकेतस्थळ ऐन सणात बंद पडले, नुकसानभरपाईचे काय?’ असा त्यांचा खडा सवाल होता. वस्तुतः या गृहस्थांशी माझा देण्याघेण्याचा कसलाही संबंध नाही. आठ वर्षांपूर्वी मी तारखा देवनागरी आकड्यांत मांडणारे एक लहानसे प्लगिन लिहिले आणि हवे त्याने न्यावे म्हणून खुले ठेवले. त्यांनी ते नेले. मी मोबदला मागितला नव्हता, त्यांनीही दिला नाही.

ज्यांच्या घरात या वस्तूंचा वावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लगिन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरून लावायचा जोड. मिक्सरचे यंत्र एकाचे आणि भांडे दुसऱ्याने घडवलेले, असे समजा. यंत्रवाल्याने खालचे दाते बदलले की भांडे न फुटता, न झिजता निकामी होते. भांडे घडवणाऱ्याने काहीच केलेले नसते. आणि नेमके हे काही न करणेच त्याचा गुन्हा ठरते!

यंत्रवाल्यांना मी सरसकट दोष देत नाही. फायरफॉक्सचे जुने जोड त्या ब्राउझरच्या अगदी आतड्यांपर्यंत हात घालू शकत. त्यामुळे त्यांना वाटेल ते करता येई. पण त्यामुळेच आतले काही हलवायला जावे तर कोणाचे तरी काही मोडे, आणि वेग व सुरक्षितता दोन्ही अडून राहत. मोझिलाने ऑगस्ट २०१५ मध्ये पूर्वसूचना दिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७ व्या आवृत्तीत, जुनी पद्धत बंद केली. मुदत सव्वादोन वर्षांची होती. अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. परंतु ती मुदत कोणाच्या रात्रींतून कापली गेली? नोकरीवरून येऊन, मुले निजल्यावर संगणक उघडणाऱ्या माणसांच्या. काही जोड नव्याने लिहिले गेले. काहींना लागणारी दारेच नव्या रचनेत नव्हती, ते कायमचे गेले. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ व्या आवृत्तीतून जेक्वेरीची एक जुनी कुबडी काढून घेतली, तेव्हा इतकी प्लगिने लंगडली की ती कुबडी परत लावून देणारे प्लगिन त्यांनाच काढावे लागले.

‘झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हवाली करा,’ असाही शहाजोग सल्ला मिळतो. एक्सझेड नावाच्या साधनाचे काय झाले ते या सल्लागारांनी ऐकावे. ते प्लगिन नव्हे, लिनक्सच्या जगात सर्वत्र लागणारी एक छोटी वस्तू. सांभाळणारा बहुतांशी एकटा आणि थकलेला. ‘सुधारणा कधी? नवा माणूस का घेत नाही?’ असा तगादा त्याच्यामागे लागला. मदतीला आलेल्या एका कष्टाळू नवख्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये आत चोरदरवाजा बसवला. यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने छडा लावला म्हणून तो सर्वदूर पसरण्याआधी सापडला. तगाद्याची किंमत ही अशी असते.

आता आमच्या मिठाईवाल्यांकडे वळू. ते खव्याचे, तुपाचे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचेही पैसे मोजतात. माझ्या प्लगिनची सारी संहिता उघडी आहे. कोणाही जाणत्याला दोन दिवसांची मजुरी देऊन ते ती दुरुस्त करून घेऊ शकतात, मला विचारण्याचीही गरज नाही. मुक्त या शब्दाचा अर्थ तो आहे. परंतु आपल्याकडे मुक्त म्हटले की ‘फुकट’ एवढेच ऐकू येते, आणि फुकट देणारा तो जन्माचा चाकर, असे गृहीत धरले जाते. परवान्यात ‘हमी नाही’ असे लिहिलेले असते, पण त्या कलमाच्या आड मी लपत नाही. माझी चूक निराळी आहे. दोन वर्षे मी त्या प्लगिनकडे पाहिले नव्हते आणि तसे कोठे लिहिलेही नव्हते. आमच्यातले पुष्कळ जण असेच गुपचूप निघून जातात. लोक दिवा दिसतो म्हणून दार ठोठावत राहतात. त्यांचा राग मग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

म्हणून पानाच्या माथ्यावर आता मी ठळक लिहिले आहे : ‘याची देखभाल बंद आहे.’ मोडलेली ओळ कोणती आणि तिथे काय बदलावे, हे त्या गृहस्थांना सविस्तर कळवले. दुरुस्ती त्यांनी स्वखर्चाने करून घ्यावी आणि ती माझ्यासारखीच खुली ठेवावी, अशी विनंतीही केली. उत्तर अद्याप आलेले नाही.