आधी व्हॉल्व्ह बघा, मग साईज

आमच्याकडे लेस्टरला एक जुनी व्हेस्पा पीएक्स आहे. बाबांच्या चेतकची आठवण म्हणून घेतली, असं मी घरी सांगितलंय. गेल्या उन्हाळ्यात मुलीला मागे बसवून येत होतो आणि ताशी चाळीस मैलांच्या वेगात मागचं चाक अचानक बसलं. गाडी मागून डुलायला लागली. नशिबाने मागे-पुढे कोणी नव्हतं, कसाबसा कडेला आलो. स्टेपनी होती म्हणून घरी पोचलो.

चाक उघडलं तर ना खिळा, ना काच. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली होती. आणि ती दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः बसवलेली!

साईज बरोबर होती, ३.५०-१०. मी तेवढंच बघून मागवली होती. पण चेतक काय नि व्हेस्पा काय, चाक जेमतेम दहा इंची, आणि आत भलामोठा ब्रेक ड्रम. म्हणून हिच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह धातूचा आणि काटकोनात वळलेला लागतो, म्हणजे त्याचं तोंड बाजूला, हाताशी येतं. त्याच साईजची ट्यूब सरळ व्हॉल्व्हचीही मिळते, ती दुसऱ्या गाड्यांसाठी. माझी नेमकी तीच होती. हवेचं नोजल लागेना, म्हणून मी दर वेळी व्हॉल्व्ह ओढून वाकवायचो. त्यानेच बूड फाटलं. तिथे ठिगळही टिकत नाही, ट्यूब टाकूनच द्यावी लागते.

खोक्यावर टीआर ४ असेल तर धातूचा सरळ व्हॉल्व्ह, टीआर ८७ म्हणजे काटकोनातला. रबरी व्हॉल्व्ह जाड असतो, त्याला रिमचं भोकही मोठं लागतं. तो बसावा म्हणून भोक मोठं करून देणारे महाभाग असतात, त्यांना गाडीला हात लावू देऊ नका. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घालणंही तितकंच वाईट, तो आत हलत राहतो आणि बुडाशी कापला जातो. इकडे बुलेट चालवणारे आपले बरेच जण आहेत, त्यांना एक सांगतो. तारांच्या चाकात व्हॉल्व्हची चकती रिमला करकचून आवळू नका. टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह तिरपा होतो, तीच आपल्याला सूचना. आवळून ठेवलात तर तो तिरपा न होता सरळ तुटतो.

मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, ब्रेकडाऊनवाल्यांना फोन करायचा. मला हे पटत नाही. ते गाडी उचलून नेतील, पण चुकीची ट्यूब आधीच आत असेल तर फोन करायची वेळ येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आमच्या सांगलीतल्या नाक्यावरचा पंक्चरवाला साईज विचारायचाच नाही. चाकाकडे एक नजर टाकून आतून ट्यूब आणायचा, आणि ती बरोबर असायची. आम्ही त्याला पंक्चरचे पैसे द्यायचो, या नजरेचे कधी दिले नाहीत. तो शेजारी होता म्हणून आपण शिकलो नाही, आणि इथे तो नाही.

नवी ट्यूब मी मुलीकडून बसवून घेतली. या चाकाचे दोन अर्धे भाग नटांनी जोडलेले असतात, त्यामुळे व्हॉल्व्हपिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. दाबाखाली असलेली रिम उघडली तर तोंडावर उडते. हे तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिनेच मला ऐकवलं. मग ट्यूबला टाल्कम पावडर, आकार येण्यापुरती थोडी हवा, आणि दोन भागांत ट्यूब चिमटली नाही ना, हे गोल फिरून बोटाने बघणं. अर्धा तास लागला.

दिवाळीत सांगलीहून भाऊ येतोय. "तुझ्या स्कूटरला ट्यूब आणू का?" म्हणून विचारत होता. म्हटलं, आण, पण आधी व्हॉल्व्हचा फोटो पाठव.